वाटेवरच्या घरांची सहल

बावीस वर्षं मी नांदेडच्या एका शाळेत इतिहास शिकवते. राष्ट्रकूट, बहामनी, बरीदशाही, सगळं फळ्यावर लिहून झालंय. कंधार, उदगीर, औसा हे किल्ले घरापासून काही तासांवर. एकाच्याही आत माझं पाऊल पडलेलं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचा एक्स-रे पाहिला आणि म्हणाले, "पायऱ्या चढायच्या त्या आत्ता चढून घ्या. पुढच्या वर्षी मी हो म्हणणार नाही."

त्याच आठवड्यात मी दोन दिवसांचा बेत कागदावर मांडला. गाडी घरची, चालवणार नवरा. विष्णुपुरीचं पाणी, कंधारचा तलाव आणि किल्ला, मुक्काम उदगीरच्या लॉजवर, दुसऱ्या दिवशी तिथला किल्ला आणि मग औसा. घाई कसलीच नाही. कागदावर एकाही नातेवाइकाचं घर नव्हतं, इथेच मी चुकले. आमच्याकडे पाहुण्याच्या, म्हणजे नातेवाइकाच्या, गावावरून चहा न घेता पुढं गेलं तर तो अपमान धरतात आणि पुढच्या दोन लग्नांत तो बोलून दाखवतात.

विष्णुपुरीला धरणाजवळ गाडी थांबली. मी पाण्याकडे बघत होते आणि नवरा फोनवर होता. "हाव, निघालो. येऊन राहिलो. जेवायलाच येतो."

फोन कंधारच्या चुलतदिराला होता.

"कशाला सांगितलंत?"

"मग? गावात गाडी दिसल्यावर त्याला काय तोंड दाखवू?"

कंधारला नवऱ्याला बैठकीत लोड मिळाला. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. जाऊबाईंनी परात माझ्याकडे सरकवली.

"किल्ला किती लांब आहे हो इथून?"

"हा काय. पोरं सायकलीवर जातेत."

"आतून कसा आहे?"

"मला काय माहीत? लग्न होऊन आले तवापासून बघीन म्हणते. तुम्ही भाकरी थापा, मी वांग्याचं बघते."

जेवणानंतर पुरुष माणसं आडवी झाली. चारला चहा, मग हळदीकुंकू, खण, नारळ. निघताना दिवस कलला होता. खंदकातलं पाणी आणि एक बुरूज गाडीतून दिसला. "दिसला ना?" नवरा म्हणाला. गाडीचा वेग त्यानं कमी केला नाही. तलाव त्याच्या बाजूला होता, तो मला दिसलाही नाही.

उदगीरला लॉजचा विषयच निघाला नाही. तिथं नणंद असते आणि तिलाही फोन गेलेला होता. सकाळी सहाला मी आंघोळ करून बूट घातले.

"वहिनी, कुठं निघालात? चुरमुऱ्यांचा सुशीला करून राहिले मी."

"किल्ला बघून येते. तुम्ही खाऊन घ्या."

"किल्ल्यात काय हाय? वटवाघळं! दादा, बघ रे, वहिनी रुसून चालल्या."

मी रुसले नव्हते. रिक्षा करून गेले. दरवाज्यावर फारसी अक्षरं कोरलेली होती. त्यांच्याबद्दल मी वर्गात इतकी वर्षं बोलत आले होते, पण ती एवढी खोल कोरलेली असतील असं वाटलं नव्हतं. आत शिरले, पहिला चढ चढले. गुडघे कुरकुरत होते, पण चालत होते. समोर महालाच्या कमानी दिसल्या आणि नवऱ्याचा फोन वाजला.

"कुठंयस? सगळे ताटावर थांबलेत."

"त्यांना खायला सांगा. मी तासाभरात येते."

"बहिणीची सासू बसलीय इथं. पाहुणी उठून गेली म्हणून माझी मान खाली गेली. ये लवकर."

तिसऱ्या फोनला मी उतरले. मला कुणी हात धरून ओढलं नव्हतं. फोन बंद करून पिशवीत टाकता आला असता. एवढं साधं काम मला जमलं नाही आणि त्याचा राग मी आजही नवऱ्यावर काढते.

सुशीला गार झाला होता. नणंदेच्या सासूबाई म्हणाल्या, "बाई, दगडं बघायला कुणी उपाशी जातं का?" सगळे हसले. मीही हसले.

दहाला निघालो. चौकात गाडी औशाचा रस्ता सोडून वळली.

"औसा?"

"जाऊ की. दाजी म्हणाले, देवणीला त्यांच्या भावानं वळू घेतलाय. बघून या म्हणाले. आपण नाही म्हटलं तर बरं दिसत नाही."

देवणीला वळू दारातच बांधला होता. पांढरा, काळ्या ठिपक्यांचा, कान लोंबते. मला हळदकुंकवाचं ताट दिलं, मी त्याच्या कपाळाला लावलं. नवऱ्यानं त्याचं वशिंड पाहिलं, खूर पाहिले, दात पाहिले. एकदा डावीकडून फिरला, एकदा उजवीकडून. मालकानं त्याला अंगणात चालवून दाखवलं, मग उन्हात उभा करून दाखवला. मग जेवणाची पानं मांडली.

हात धुताना नवऱ्यानं घड्याळ पाहिलं. "आता औशाला उशीर होईल," तो म्हणाला. "शिवाय तुझे गुडघे."

मी पुढच्या सीटवर बसले आणि पट्टा लावला. नांदेड येईपर्यंत तो त्या वळूबद्दल बोलत होता.