प्लास्टिकचा दस्ता

उइटहॉर्न या डच गावी राहायला गेलो तेव्हा नवरा म्हणाला होता, सहा महिने. सहाचे बारा झाले. मग एके संध्याकाळी आमटीत भात कालवता कालवता त्याने सांगितलं की कंपनीने करार आणखी दोन वर्षांनी वाढवलाय. मी कोल्हापुरात शाळेत भूगोल शिकवायचे आणि बिनपगारी रजेवर आले होते. ती रजा आता संपल्यातच जमा होती.

"मला विचारलं असतंस तर?" मी म्हणाले.

"विचारून काय वेगळं झालं असतं? माझा कामाचा परवाना कंपनीच्या नावावर आहे. नाही म्हटलं तर सगळंच आवरावं लागेल."

त्याचं खरं होतं, म्हणून जास्त राग आला. मला काम करायची कागदोपत्री मुभा होती, पण शाळेत शिकवायचं तर डच हवी, आणि डचच्या वर्गाची प्रतीक्षायादी खेमेन्टेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, लांबलचक होती. सायकल मला येत होती. पण कालव्याकडेच्या रस्त्यावर एकदा वाऱ्याने अशी आडवी पाडली की नंतर ती मागच्या शेडमध्येच राहिली. नवरा सकाळी साडेसातला जायचा. उरलेला दिवस मी पुढच्या मोठ्या काचेपाशी बसून काढायचे. त्या गावात पडदे कुणी ओढत नसत, त्यामुळे जाणारा-येणारा प्रत्येकजण मला बसलेली बघायचा.

शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनीही मला असंच बघितलं असणार. मी त्यांना मेनेर म्हणायचे, आपल्याकडे 'साहेब' म्हणतात तसं, आणि ते मला मेव्राऊ, म्हणजे 'बाईसाहेब'. एकदा त्यांनी दार वाजवून स्वच्छ इंग्रजीत विचारलं, "मेव्राऊ, तुम्हाला कॉम्प्युटर वाचता येतो ना? मला आता येत नाही."

त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. समोर बसलेल्या माणसाकडे बघायला ते मान वळवायचे. सुरुवातीला मला वाटलं, हे माझ्याकडे बघायचं टाळताहेत.

मेनेर शिकारी होते. जिन्याखालच्या लोखंडी कपाटात त्यांच्या चार रायफली होत्या. पोलिसांकडून दरवर्षी नवा करून घ्यायचा परवाना उन्हाळ्याअखेर संपणार होता आणि अशा डोळ्यांवर तो पुन्हा मिळणार नव्हता. तोवर चारही बंदुका परवाना असलेल्या माणसांकडे जायला हव्या होत्या. मी फोटो काढायचे, इंटरनेटवरच्या संग्राहकांच्या फोरमवर टाकायचे आणि आलेली उत्तरं वाचून दाखवायची, एवढंच काम.

त्यांनी कपाट उघडलं आणि जवसाच्या तेलाचा वास आला. तो वास मी हजार माणसांत ओळखला असता. माझे वडील सुतार. कोल्हापुरात बंदूक दुरुस्तीच्या एका दुकानात त्यांनी चाळीस वर्षं फक्त दस्ते केले. बंदुकीचा जो भाग खांद्याला टेकवतात, तो दस्ता. मी मेनेरना हे सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की पहिल्या दिवशी काम राहिलंच बाजूला, आम्ही कॉफी पीत लाकडावरच बोलत बसलो.

तीन रायफलींचे दस्ते अक्रोडाचे होते. चौथीचा प्लास्टिकचा. सत्तरच्या दशकातला, चॉकलेटी रंगाचा. पकडीवरची जाळीची नक्षी कोरलेली नव्हती, साच्यातूनच उठलेली होती, आणि खालच्या बाजूने दोन अर्धे जोडल्याची बारीक रेघ लांबपर्यंत गेली होती. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असावं. कडेकडेने का होईना, त्यांना ते दिसलं.

"क्लबात मी अक्रोडवाली न्यायचो," ते म्हणाले. "स्कॉटलंडला पावसात हरणामागे जायचं असलं की ही. वीस वर्षं. मित्र हसायचे."

अक्रोडवाल्या तिन्ही महिन्याभरात गेल्या. उरली ती प्लास्टिकची, आणि तिच्यावरून फोरमवर भांडण पेटलं. एकाने लिहिलं, ही बंदूक नाही, नळी लावलेला जेवणाचा डबा आहे. दुसरा म्हणाला, दस्त्यावर बोटाने वाजवून बघा, पोकळ आवाज येतो, अशी वस्तू संग्रहात ठेवणाऱ्याने संग्रह करूच नये. तिसरा भडकला. तुम्हा लोकांमुळेच प्लास्टिकच्या दस्त्याच्या या सुरुवातीच्या बंदुका मूळ रूपात सापडत नाहीत, ज्याने त्याने प्लास्टिक फेकून लाकूड बसवलं, आता शोधायला जाल तर हाती लागत नाही, असं त्याचं म्हणणं. चौथ्याने विचारलं, दुर्मीळ म्हणजे सुंदर का? मग पुढे पानंच्या पानं.

मी वाचत असे आणि मेनेर डोळे मिटून हसत. "पुन्हा वाचा, तो डब्याचा." माझ्या दिवसाला एक आकार आला. जेवण उरकून दोन वाजता त्यांच्याकडे, चारला परत. त्या दोन तासांत मी कुणाची बायको नव्हते आणि परदेशातून आलेलीही नव्हते. मी दस्त्यातलं कळणारी बाई होते.

रविवारी फोन कार्ड खरवडून मी घरी फोन लावायचे. बाबांना सांगितलं, इथे प्लास्टिकच्या दस्त्यावरून लोक भांडताहेत. मला वाटलं, ते हसतील. दुकानात कुणी असली बंदूक आणली की ते तिला हातही लावत नसत, हे मी लहानपणी बघितलं होतं.

बाबा हसले नाहीत. मग म्हणाले, "लाकूड हलतंय गं. पावसाळ्यात फुगतंय, नळीला दाबतंय, मग नेम चुकतोय. फुगलं की माणूस माझ्याकडं यायचा, मी घासून द्यायचो. त्या प्लास्टिकला काय होत न्हाई. त्याला माझी गरजच न्हाई. म्हणून राग यायचा मला. वस्तू वाईट न्हवती."

हे मी दुसऱ्या दिवशी मेनेरना सांगितलं. ते बराच वेळ मान डोलावत होते. "तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा," म्हणाले.

त्यांची मुलगी दर शनिवारी यायची. एकदा कुंपणापाशी ती मला म्हणाली, "तुमचे फार उपकार. शेवटची बंदूक गेली की बाबांना आम्ही लायडस्खेनडामला नेणार. माझ्या घराजवळ, देखभाल असलेली जागा मिळालीय. ती जाईपर्यंत ते हलायला तयार नाहीत."

मी हसून बरं म्हटलं. घरात येऊन खुर्चीत बसले, ती नवरा येईपर्यंत उठले नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी बेल्जियममधून एक ईमेल आला. लिहिणारा आर्देनच्या डोंगरात राहणारा होता. अशी रायफल मूळ दस्त्यासकट तो कित्येक वर्षं शोधत होता. ती आहे तशीच ठेवीन, एक स्क्रूही बदलणार नाही, सगळी कागदपत्रं घेऊन येत्या शनिवारी येऊ का, असं त्याने अदबीने विचारलं होतं. मी तो दोनदा वाचला आणि बंद केला.

"काही आलं?" दोन वाजता मेनेरनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

इतकं सोपं होतं ते. त्यांना कॉम्प्युटरचा पडदा दिसत नव्हता. मी त्यांना फोरमवरचे जुनेच वाद पुन्हा वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशीही 'नाही'. तिसऱ्या दिवशीही. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं, आणि रोज दोन वाजता तोंडातून तेच यायचं. घरी नवऱ्याने विचारलं, "हल्ली बरी दिसतेस, शेजारी करमतंय वाटतं?" मी भांडी घासत राहिले. आपल्याला न विचारता आपलं ठरवलं गेलं म्हणून मी ज्याच्यावर धुमसत होते, त्याच्याकडे वळून बघायचीही मला लाज वाटली.

बाराव्या दिवशी मी बेल्जियमला उत्तर पाठवलं. तासाभरात त्याचं उत्तर आलं. तुमच्याकडून काही कळलं नाही म्हणून गेल्या शनिवारी मी जर्मनीत दुसरी घेतली, परवान्यात आणखी एकीला जागा नाही, क्षमस्व.

आता परवान्याची मुदत संपायला आठच दिवस होते. मेनेरच्या मुलीने हार्लेमकडच्या एका बंदूक विक्रेत्याला बोलावलं. तो गुरुवारी आला, माझ्यासमोरच त्याने रायफल उलटसुलट केली आणि म्हणाला, "यंत्र उत्तम आहे, नळीही चांगली. लाकडी दस्ता बसवला की लगेच जाईल. हा असा दुकानात ठेवला तर लोक हसतात."

स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याने दोन स्क्रू सोडवले. धातूचा भाग पेटीत ठेवला, कागदांवर सह्या घेतल्या आणि दस्ता मेनेरपुढे सरकवला. "हा राहू द्या तुम्हाला. याला परवाना लागत नाही."

तो गेल्यावर मेनेर दस्त्यावरून हात फिरवत बसले. मग त्यांनी तो मला दिला. मी पहिल्यांदाच हातात घेतला. अपेक्षेपेक्षा खूप हलका होता. पकडीपाशी नक्षी झिजून गुळगुळीत झाली होती, त्यांचा अंगठा वीस वर्षं जिथे होता तिथेच.

मी तिथेच सांगितलं. बेल्जियमचा ईमेल, त्यात काय होतं, किती दिवस मी 'नाही' म्हणत होते, सगळं. का, तेही सांगितलं. तुम्ही गेलात तर मला दोन वाजता जायला जागा उरणार नव्हती.

ते ओरडले नाहीत. त्यांनी मान वळवली, म्हणजे ते माझ्याकडे बघत होते. "माझ्या मुलीने माझं ठरवलं," ते म्हणाले. "डॉक्टरांनी ठरवलं, पोलिसांनी ठरवलं. ती सगळी दारावर बेल वाजवून आली होती, मेव्राऊ. तुम्हाला मी स्वतः बोलावलं होतं." मग म्हणाले, "उद्या येऊ नका."

मी गेले नाही. दोन आठवड्यांनी सामानाची गाडी लागली. मी काचेपासून आत सरकून उभी राहिले. मुलीने हात केला, मीही केला. ते गाडीत आधीच बसले होते.

नोव्हेंबरात नवऱ्याला सगळं सांगितलं. शनिवारी सुट्टी होती तर तो माझ्याबरोबर लायडस्खेनडामला आला, खाली हॉलमध्ये थांबला. मेनेरनी मला ओळखलं ते आवाजावरून. बिस्किटं काढायला लावली, बाबांची चौकशी केली. घडल्याबद्दल ते बोलले नाहीत आणि मला पुन्हा माफी मागायचं धाडस झालं नाही. त्यांची खोली चौथ्या मजल्यावर होती. खिडकी पूर्ण उघडू नये म्हणून तिला अडसर बसवलेला होता, बोटभर फटीतून वारा यायचा.

"इथून पलीकडे कुरण आहे म्हणे," ते म्हणाले. "काय दिसतं तुम्हाला?"

मी उठून बघितलं आणि सांगितलं. पाण्याचे चर, मेंढ्या, दूर हमरस्ता. ते ऐकत होते.

"आणि तुम्ही? अजून त्याच घरात?"

"हो," मी म्हणाले. "करार अजून दीड वर्ष आहे."

"हं," ते म्हणाले, आणि बिस्किटांची बशी चाचपडत माझ्याकडे सरकवली.