हाय का घरात?

माझ्या नवऱ्याचं नाव समाधान. हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांनी बाळाकडे नीट पाहिलं नव्हतं, एवढंच मी म्हणेन. नोकरी हिंजवडीला, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्यात खोट काढायची आणि संध्याकाळी कंपनीच्या बसने कोथरूडला परत यायचं. पगार बरा होता, पण आपण स्वतः काही लिहीत नाही ही खंत त्याला खात असायची. म्हणून तो ब्लॉग लिहायचा.

एक ब्लॉग असता तर मी काही बोलले नसते. दोन हजार नऊच्या सुमाराची गोष्ट. मराठीत टाइप करणं नुकतंच सोपं झालं होतं आणि ब्लॉग उघडायला पैसे पडत नव्हते. फुकट मिळतंय म्हटल्यावर याला धरबंध राहिला नाही. एक किल्ल्यांवर, एक मोबाइलच्या युक्त्यांवर, एक गच्चीतल्या बागेवर, आणि आम्हाला गच्चीच नव्हती. शिवाय एक 'मनातलं' नावाचा, ज्यात मनातलं सोडून सगळं होतं. प्रत्येकाला नवा रंग, नवं चित्र, चार लेख आणि मग सामसूम. एक ना धड, भाराभर चिंध्या. रोज सकाळी चहाआधी तो किती जणांनी वाचलं ते बघायचा. त्यातली बरीचशी मीच असायची, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

एकदा ब्लॉग लिहिणाऱ्यांचा मेळावा होता, तिथे एका गृहस्थांनी याला विचारलं, "आपला विषय कोणता?" याने चार सांगितले. ते म्हणाले, "मग किराणा मालाचं दुकान काढा की. तिथे चालतं असं." समाधान घरी येऊन जेवला नाही. "विषय सापडला पाहिजे, पूर्वा. एकच, पण आपला," असं म्हणत येरझाऱ्या घालत राहिला.

विषय पुढच्याच महिन्यात लोणी काळभोरहून बसने आला.

म्हणजे माझे सासरे. नाव सुखदेव, पण सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं होतं. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं, गावातल्या घरात ते एकटेच. मी म्हटलं, आता राहाच इथे. आप्पा राहिले. त्यांना सगळं चाललं, फक्त दारावरची बेल चालली नाही. "घंटी वाजवाया मी काय पोस्टमन हाय?" असं म्हणायचे आणि दारात उभं राहून हाक मारायचे, "हाय का घरात?" तिसऱ्या मजल्यावरची हाक खाली पार्किंगमध्ये ऐकू जायची. बरं, ही हाक आमच्याच दारात नाही, समोरच्यांच्या दारात, वरच्यांच्या दारात. आमच्या सोसायटीत माणसं एकमेकांना दारावरच्या पाटीमुळे ओळखतात. तिथे आप्पा दोन महिन्यांत घरोघरी चहा पिऊन यायला लागले.

समाधानच्या कंपनीत घरच्यांना ऑफिस दाखवायचा एक दिवस असतो, त्याला आप्पा गेले. स्वागताला बसलेली मुलगी हसून म्हणाली, "हाय अंकल!" आप्पा म्हणाले, "हाय की बाय, हितंच हाय. तू बरी हाय ना?"

हे समाधानने लिहिलं. त्यासाठी नवा ब्लॉग उघडला आणि नाव ठेवलं, 'हाय का घरात?' दुसऱ्या दिवशी प्रतिक्रियांचा पाऊस. 'हसून पोट दुखलं', 'एक नंबर', 'आप्पांचं आणखी येऊ द्या'. बाकीचे सगळे ब्लॉग त्याने त्याच आठवड्यात बंद करून टाकले. आता एकच ब्लॉग आणि एकच विषय, आणि तो विषय आमच्या हॉलमध्ये बसून दुधात भाकरी कुस्करून खात होता.

तो चांगलं लिहीत होता, हे खोटं नाही. आप्पा लिफ्टमधल्या बाईच्या आवाजाला उत्तर देतात, तो लेख वाचून मीही हसले. पण वाचकांना चटक लागली आणि याला त्याहून जास्त लागली. आधी तो ऐकलेलं लिहायचा, मग न ऐकलेलंही आप्पांच्या तोंडी घालायला लागला. आणि एक दिवस त्याने लिहिलं, 'आप्पांच्या तोंडात ण नाही. ते आनि म्हणतात, पानी म्हणतात. ज्या गावात सगळा जन्म गेला, त्या लोणीचं नावसुद्धा त्यांना नीट घेता येत नाही. ते आपले लोनीचेच.' या लेखाला मिळाली तेवढी दाद आधी कशालाच मिळाली नव्हती.

मी विचारलं, "आणि तू रे? तू काय म्हणायचास?"

"तुला विनोद कळत नाही," तो म्हणाला.

कॉलेजात माझी त्याची ओळख झाली तेव्हा हाही पानीच म्हणायचा. वर्गातली मुलं हसायची. होस्टेलच्या आरशासमोर उभं राहून ण घोटून घोटून त्याने तो आणला होता. हे त्याने ब्लॉगवर कधीच लिहिलं नाही.

आप्पांना एवढंच माहीत होतं की पोरगा लिहितो. भाजीवाल्यालाही सांगायचे, "आमचा समाधान कंपुटरवर लिव्हतो. लई लोकं वाचत्यात." काय लिहितो ते त्यांनी विचारलं नाही. पोराच्या कामात कशाला नाक खुपसा, असा त्यांचा स्वभाव.

पुढे जे झालं ते कुणी दुष्टपणाने केलं नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दिगंबरकाका, त्यांना कौतुक करायची हौस. सोसायटीचा वर्धापनदिन आला तेव्हा त्यांनी समाधानचा लेख छापून काढला आणि खाली काचेच्या फळ्यावर लावला. पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी, वर ठळक अक्षरांत 'आपल्या सोसायटीचे लेखक'. लेख कुठला, तर ज्याला सर्वांत जास्त दाद मिळाली तोच.

रविवारी सकाळी समाधान दूध घेऊन आला तर आप्पा फळ्यासमोर उभे. नवा चष्मा लावून, काचेवर बोट ठेवून, एकेक ओळ वाचत होते. समाधान स्कूटरच्या रांगेमागे थांबला. पुढे होऊन काहीतरी बोलायला हवं होतं, ते त्याला सुचत होतं, पण पाय उचलला नाही. "मी लपलो, पूर्वा," तो मला नंतर म्हणाला. "स्वतःच्या बापाला बघून लपलो."

इकडे घराची बेल वाजली. इस्त्रीवाला असेल म्हणून मी दार उघडलं, तर आप्पा.

"समाधान आहे का घरात?" त्यांनी विचारलं.

आहे. मला आधी कळलंच नाही काय वेगळं ऐकू आलं ते. कळलं तेव्हा मी दाराला धरून उभी राहिले.

ते रागावले असते तर किती बरं झालं असतं. समाधानने मान खाली घालून सांगून पाहिलं, "आप्पा, ते गमतीत लिहिलं होतं." आप्पा म्हणाले, "चांगलं लिहिलं आहे. लोक वाचतात." तेवढंच. मग ते बोलायचेच कमी झाले, आणि बोलले तर अंधारात जिना उतरावा तसा एकेक शब्द चाचपत. समोरच्या काकू विचारायला लागल्या, "आप्पा गावाला गेले का हो?"

त्यात माझे आईबाबा कर्वेनगरहून भेटायला आले. आप्पा उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "णमस्कार."

आप्पांना वाटलं बरोबर जमतंय. "आम्ही लोणीचे," ण वर जोर देत ते म्हणाले. "आपण बसा. मणापासून सांगतो, तुमची मुलगी फार गुणाची आहे."

बाबा जमिनीकडे बघत राहिले. समाधान उठून स्वयंपाकघरात गेला. मी मागोमाग गेले, तर नळ सोडून नुसता उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते. "त्यांना कुठला न आणि कुठला ण ते कळत नाहीये," तो म्हणाला, "आणि ते शिकतायत. माझ्यामुळे शिकतायत. मला लाज वाटते गं, मला माझीच लाज वाटते." मी नळ बंद केला. समजूत घालावी असं माझ्याकडे काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घालावी असं वाटलंही नाही.

त्याच दिवशी त्याने ब्लॉग काढून टाकला. त्याला एक बटण पुरलं. त्यानंतर कितीतरी दिवस लोकांच्या मेल यायच्या, 'आप्पा कुठे गेले? आप्पांना परत आणा.' समाधान त्या उघडायचा, वाचायचा आणि उत्तर न देता बंद करायचा.

मग एका संध्याकाळी मी आणि आप्पा मटार सोलत बसलो होतो. बाहेर पावलं वाजली. बेल वाजली नाही, किल्ली फिरली नाही. दारापलीकडून हाक आली, "हाय का घरात?"

समाधानचाच आवाज. पण इतक्या वर्षांत ते शब्द त्याच्या तोंडून निघाले नव्हते, त्यामुळे मध्येच चिरकला. मी आप्पांकडे बघितलं. मला वाटलं, आता हसतील. त्यांनी ताट खाली ठेवलं, टोपी सारखी केली आणि जाऊन दार उघडलं.

"आहे," ते म्हणाले. "या. आपण आत या."

समाधान खांद्याला बॅग लावून, हातात जेवणाचा डबा घेऊन दारातच उभा राहिला.

"आप्पा," तो म्हणाला, "मला आपन नका म्हनू. आरं म्हना. पयल्यासारकं, आरं म्हना."

आप्पांनी त्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि, वर्गातल्या मास्तरांना ऐकू जाऊ नये म्हणून शेजारच्या मुलाला सांगावं तसं, हळूच म्हणाले, "म्हणा."