पोपना सोडलं, पण नीटसं सोडवलं नाही

पोप वारले ही बातमी मला पिंपरीत, आमच्या औषधांच्या कंपनीच्या कँटीनमध्ये कळली. अठ्ठावन्न साल. मी पॅकिंगला होतो, वय पंचवीस-सव्वीस. (आता नव्वदी ओलांडलीय. मी बोलतोय, नात टाइप करतेय.)

आम्ही नगर जिल्ह्यातले कॅथलिक. वडील गावात मुलांना धर्मशिक्षण द्यायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. ते गेल्यावर आईला मी पिंपरीला आणलं. बायको मार्था, पहिल्या खेपेची गरोदर... एका खोलीत आम्ही तिघं.

त्या संध्याकाळी आई रडली. माझ्या डोक्यात मात्र भलतंच चाललं होतं. लहानपणी वडिलांनी पाठ करून घेतलं होतं की श्रद्धेच्या बाबतीत पोप जे ठरवून सांगतात ते चुकत नाही. आता नवे पोप निवडेपर्यंत वीसेक दिवस खुर्ची रिकामी. मग ते न चुकणं इतके दिवस कुठं असतं?

हसू नका. मला खरंच झोप येईना.

रविवारी मिस्साच्या प्रार्थनेसाठी खडकीला गेलो तेव्हा फादरना विचारलं. फादर जर्मन, मराठी मात्र आमच्यापेक्षा शुद्ध. म्हणाले, "खुर्ची रिकामी झाली तरी प्रभूचं वचन रिकामं होत नाही." उत्तर चांगलं होतं. पण मग वचन पुरेसं असेल तर खुर्ची कशाला... हे विचारायचं धाडस झालं नाही.

कंपनीत माझ्याशेजारी कुरियन काम करायचा. केरळचा, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. त्याला सांगितलं तर म्हणाला, "आमच्यात असा एकटा माणूस नाही. बिशप लोक एकत्र बसतो, बोलतो. एकटा कोण पण चुकतो."

मला हे फार पटलं. पुढच्या रविवारी त्याच्याबरोबर सायकलनं देहूरोडला गेलो. तिथं मल्याळी मंडळी एका शाळेच्या खोलीत उपासनेला जमायची. अडीच तास उभं राहायचं, धुपानं डोळे चुरचुरायचे. आमच्या मिस्साचं लॅटिन मला कळत नव्हतं, इथलं मल्याळमही कळेना... पण निघावंसं वाटेना.

मध्येच वेदीकडून एकानं दुसऱ्याच्या हाताला हात लावत प्रभूची शांती पुढे द्यायला सुरुवात केली. कुरियननं माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि मान हलवली, दे पुढे. शेजारी एक म्हातारे होते. मी त्यांना दिली. मला काय झालं ते आजही सांगता येत नाही.

चार-पाच रविवार असे गेल्यावर आईला कळलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "तुझा बाप तीस वर्सं लेकरं शिकवीत फिरला. ते समदं खोटं व्हय?"

"खोटं नाही गं आई..."

"मंग?"



तरी मी त्यांच्या पाद्रींकडे गेलोच. त्यांना अच्चन म्हणतात. म्हटलं, मला तुमच्यात घ्या. त्यांनी कुरियनमार्फत विचारलं, "पोपवर रागावून येतोस की आमच्या ओढीनं? रागावून आलास तर इथंही कुणावर तरी रागावशील." मग हळूच म्हणाले, "कुरियनला विचार, तो सख्ख्या भावाच्या लग्नाला का गेला नाही."

हे माझ्यासाठी मराठीत सांगताना कुरियनची मान खाली गेली होती.

परतताना त्यानं सायकल हातात धरून सगळं सांगितलं. त्यांच्यातही कितीतरी वर्षं दोन तट होते. परदेशातले धर्मगुरू मोठे की केरळातले, यावरून भांडण कोर्टापर्यंत गेलेलं. तो एका तटात, थोरला भाऊ दुसऱ्यात.

मी रस्त्यातच थांबलो. म्हणजे जो प्रश्न सोडून मी पळत होतो, तोच इथं आधीच येऊन बसलेला! त्या रात्री मी मार्थाला म्हटलं, "आपण कुठंच जायला नको." ती म्हणाली, "मी कुठं निघालेच होते?"

महिनाभर मी देहूरोडला फिरकलो नाही. मग ख्रिसमसच्या सुमारास कुरियन कँटीनमध्ये पत्र घेऊन आला. कोर्टाचा निकाल लागला होता, आणि त्यानंतर दोन्ही तटांनी एकमेकांना मान्य केलं होतं. भावानं लिहिलं होतं, घरी ये. कुरियन सगळ्यांसमोर रडला... सुट्टी टाकून गेलासुद्धा.

मला पोपविरुद्ध कुठला मुद्दा सापडला नाही. फक्त शांती देतानाचे ते हात आठवले. आणि मी त्यांच्यात जायचं ठरवलं.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. मग विचारलं, "त्यांच्यात मारियामातेला मानत्यात का?"

"मानतात. फार मानतात."

"मंग जा. पर लेकराचा बाप्तिस्मा खडकीलाच हुईल."

तसंच झालं. मुलीच्या बाप्तिस्म्याला मी मागच्या बाकापाशी उभा होतो. फादरनी स्वतःहून मला पुढे बोलावलं आणि बापानं धरायची मेणबत्ती माझ्या हातात दिली.

पुढे कित्येक वर्षं रविवारी आमच्या घरातून एक सायकल देहूरोडला जायची आणि दोन बाया लेकराला घेऊन खडकीला, अगदी उलट दिशेला. पोपचा प्रश्न माझ्याकडून सुटला असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही.

पण मी सायकल बाहेर काढली की आई दारात येऊन म्हणायची, "आमच्यासाठी बी देवाकडं माग तिकडं." तिच्या मनाविरुद्ध गेलेल्या मुलाला तिनं एवढं काम देऊन पाठवलं... याहून जास्त मला काय हवं होतं?