यंत्र शेवटी ‘तू’ म्हणालं

पडदा मी शिवला, स्पीकरची खोकी मी ठोकली, आणि आजच्या कोरियन चित्रपटाची मराठी सबटायटल्सही मीच लिहिली. कोरियन कुणी शिकवलं? कुणीच नाही.

मंडळी, चित्रपटातलं शहर यंत्रांच्या ताब्यात आहे आणि यंत्रं कैद्यांशीही अदबीनं बोलतात. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. कोरियनमध्ये मात्र आपल्यासारखाच मान राखून बोलणं वेगळं, जवळिकीचं वेगळं. दिग्दर्शकानं अख्खा चित्रपट त्यावर तोलला आहे. काय माणूस आहे!

आज वाघोलीत, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवला. “आपण कृपया मरणाच्या रांगेत यावं,” असं यंत्र म्हणालं, तेव्हा शेजारचे अण्णा पुटपुटले, “हे पेठेतलं दिसतंय.” सगळे हसले. मला धाकधूक शेवटाची.

शेवटी पहारेकरी यंत्र कैदेतल्या आजीसाठी दार उघडतं आणि म्हणतं, “तू जा.” तो शब्द निसटला, तर चित्रपटच निसटला.

मग मागून एक काकू हळूच म्हणाल्या, “अगं बाई, तिला ‘तू’ म्हणालं.”

माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर खराडीच्या एका कंपनीतले गृहस्थ थांबले होते. “काका, सबटायटल्स विकत घेतो. फक्त सगळीकडे ‘तुम्ही’ करून द्या, सोपं पडतं.”

पंचवीस हजार देत होते. नको म्हटलं.