गार्गीची पाण्यातली परीक्षा

विनीता सिंगापूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये सागरी जीवशास्त्र शिकवायची. दर वर्षी मुलांना बोटीनं एका बेटावर प्रवाळ बघायला न्यायचं आणि त्याआधी त्यांना तयार करायचं, हे तिचंच काम. पासिर रिसच्या किनाऱ्यावर ओहोटीला ती त्यांना चिखलातून चालायला शिकवी. पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा; म्हणजे वाळूत दडलेल्या, शेपटीला विषारी काटा असणाऱ्या पाकट माशाला चाहूल लागते आणि तो आपला आपण निघून जातो. चपला घालून आलेल्याला ती सरळ घरी पाठवायची. वर्गात अशी वाघीण, पण ओळखीच्या माणसासमोर बाईंची शेळी व्हायची. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगाच नाही.

२०१४ साली तिच्या वर्गात गार्गी होती. टॅम्पिनीसला विनीताच्याच इमारतीत राहणाऱ्या सविताताईंची मुलगी. विनीताच्या बाळंतपणात तिच्या आईला पुण्याहून येता आलं नव्हतं, तेव्हा सविताताईंनीच सगळं केलं होतं. अळिवाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाची अंघोळ. बोलून मात्र कधी दाखवलं नाही.

बेटावर जायचं तर आधी पोहण्याची चाचणी पास व्हावी लागे. तिच्या आदल्या दिवशी सविताताई विनीताला लिफ्टपाशी भेटल्या.

"विनीता, तुझ्याकडे कधी काही मागितलं का गं मी?"

"नाही ताई. असं काय बोलता?"

"मग आता मागते. गार्गीला नापास कर. माझा धाकटा भाऊ कृष्णेत बुडाला, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. मी नाही म्हटलं तर ती ऐकणार नाही. तू म्हणालीस तर ऐकेल."

विनीताला नाही म्हणवेना; तिनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी गार्गी मासोळीसारखी पोहली. पाठीवर तरंगून दाखवलं, न थांबता परत आली आणि काठ धरून हसत वर बघू लागली. विनीता तिच्या कपाळाकडे बघत म्हणाली, "दम टिकत नाही तुझा. खोल समुद्रात मी तुला सोडू शकत नाही."

"Really ah, मावशी?" एवढंच म्हणून पोरगी टॉवेल गुंडाळून निघून गेली.

संध्याकाळी सविताताईंकडून पुरणपोळ्या आल्या. विनीतानं त्या तशाच झाकून ठेवल्या. चाचणीत कुणाला खोटं पास करणं हा गुन्हा, हे ती सगळ्यांना बजावत आली होती. खोटं नापास करण्याबद्दल बोलायची वेळच कधी आली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटूनही तिनं आठवडा तसाच घालवला, हे आणखी वाईट.

शेवटी बोट निघायच्या दोन दिवस आधी तिनं सविताताईंना सांगून टाकलं, "ताई, मी तिची पुन्हा चाचणी घेणार. तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल." आणि गार्गीला घेऊन ती बेडोकच्या पोहण्याच्या तलावावर गेली.

गार्गी पाण्यात उतरली. निम्म्यावर जाऊन तिनं मान वळवून काठ शोधला, हात-पाय मारत मागे आली आणि काठ घट्ट धरून राहिली. तिला धाप लागली होती. पुन्हा गेली, पुन्हा तिथूनच परतली.

"See, मावशी? दम नाही टिकत."

"टिकतो गं! त्या दिवशी तू पास झाली होतीस. मी खोटं बोलले." विनीता म्हणाली. "तुझ्या आईनं गळ घातली म्हणून मी तुला मुद्दाम नापास केलं."

गार्गी हसली आणि ओल्या हातानं तिचा हात थोपटला.

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस, I know lah. तू कुणाला उगाच नापास करशील का, मावशी?"