स्क्रूवरची रेघ

आमच्या घरी जनरेटर आला तो माझ्या ग्राइंडरसाठी. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या ह्यांना विचाराल तर तो त्यांना खेळायला आणला होता असं वाटेल.

राजाजीनगरातल्या आमच्या घरातून मी पुरणपोळ्या करून देते. इथले लोक होळिगे म्हणतात. आमच्या घराण्याच्या इतक्या पिढ्या बेंगळुरात गेल्यात की फोनवर मीही होळिगेच म्हणते. पुरण वाटायचं ते गरम असतानाच. एकदा निवलं की असं घट्ट बसतं की ग्राइंडरचे दगड जागचे हलत नाहीत, आणि जबरदस्तीने वाटलंच तर कणी राहते, पोळी लाटताना फुटते. आणि करंट जायचा तो नेमका त्याच वेळी. म्हणून माझ्या पोळ्यांच्या कमाईतून मी पेट्रोलवरचा छोटा जनरेटर घेतला, मागच्या अंगणात ठेवला आणि त्याची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेतली. दोरी ओढली की सुरू. त्या मशीनने माझ्यापुढे कधी कुरकुर केली नाही.

मग हे रिटायर झाले.

ते एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या पार्टमधली खोट शोधायची, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. खोट सापडली नाही तर आपण नीट पाहिलंच नाही असं समजणारा माणूस. घरी बसल्यावर त्यांनी आधी दारांच्या बिजागऱ्या तपासल्या, मग कुकरची शिटी, मग माझी कणीक मळायची पद्धत. त्यानंतर त्यांची नजर अंगणाकडे वळली.

"इंजिन स्वल्प रिच चालतंय," ते एके दिवशी म्हणाले.

"म्हणजे काय?"

"पेट्रोल जास्त जातंय, हवा कमी. कार्बोरेटरला त्यासाठी एक स्क्रू असतो. स्वल्प फिरवला की झालं."

"चालतंय ना? मग राहू द्या."

"चालणं वेगळं आणि नीट चालणं वेगळं," असं म्हणून ते स्क्रू ड्रायव्हर शोधायला गेले.

त्या स्क्रूला कोणी हात लावू नये म्हणून वर प्लास्टिकची एक टोपी होती. ती त्यांनी पकडीने उपटून काढली. तेव्हापासून दुपारचा चहा झाला की स्टूल घेऊन अंगणात. स्क्रू आधी पूर्ण आत, मग दीड आटे बाहेर, मग कान देऊन केसभर इकडे, केसभर तिकडे. इंजिनाचा आवाज वर चढायचा, खाली यायचा, परत चढायचा. माझी दुपारची झोप गेली. शेजारची बाई गच्चीवरून विचारायची, "अक्का, अजून रिपेरी होतच आहे का?" मी काय सांगणार? रिपेरी करण्यासारखं त्यात काही नव्हतंच, हे बाहेर सांगायचं कसं?

तासाभराने आवाज एकसारखा लागला की मला हाक यायची. "अगं, ऐक! कसं मऊ चालतंय!" खरंच मऊ चालायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी करंट गेला, मी दोरी ओढली, इंजिन सुरू झालं, की ग्राइंडरचं बटण दाबताक्षणी ते घुर्रर्र करून बंद पडायचं. पुन्हा ओढा, पुन्हा बंद. तोवर पुरणावर साय धरल्यासारखा पापुद्रा यायचा. मी कितीदा तरी ते पुरण परत चुलीवर चढवून, तळाला लागू नये म्हणून ढवळत, दात-ओठ खाल्ले असतील.

कारणं त्यांच्याकडे तयार असायची. हल्लीचं पेट्रोल चांगलं नाही. प्लगवर काजळी आहे. फिल्टरमध्ये धूळ आहे. आणि सगळं संपलं की, "तू चोक फार लवकर आत ढकलतेस." म्हणजे फिरून फिरून माझ्यावरच. खोट शोधणाऱ्याला स्वतःच्या हातातली खोट कशी दिसत नाही, याचा मला संताप यायचा. माझ्या कामाला ते कधी नावं ठेवत नसत, पण "हिची हौस आहे" असं पाहुण्यांना सांगत. हौस! मनगटं दुखेपर्यंत लाटते ती हौस.

एकदा ते बँकेत गेल्याची संधी साधून मी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं आणि स्क्रू जागेवर बसवून घेतला. मिक्सर दुरुस्त करणारा दुकानदार स्क्रूवर लाल ठिपका देतो, म्हणजे गिऱ्हाइकाने उघडला तर त्याला कळतं, हे मी पाहिलेलं होतं. कपाटातून माझी जुनी नेलपॉलिशची बाटली काढली आणि स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या लोखंडापर्यंत एक बारीक सरळ रेघ ओढली. स्क्रू फिरला की रेघ तुटणार.

"आता याला हात लावला तर मला कळेल," ते आल्यावर मी सांगितलं.

"सरी, सरी, बरं," ते म्हणाले. दुखावल्यासारखा चेहरा करून बरेच दिवस पेपर वाचत बसले. जनरेटरही गुणी बाळासारखा चालला.

आणि एका सकाळी परत घुर्रर्र.

मी चिडून थेट नाश्त्याच्या टेबलाशी गेले. मनात साठलेलं सगळं बाहेर आलं. तुमच्या हातांना स्वस्थता नाही, चाललेल्या कामात काडी घातल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही, असं बरंच काही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "रेघ बघून ये."

मी बघून आले. रेघ अखंड होती, लालभडक, सरळ.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत येऊन मी माफी मागितली. लग्नानंतर मी ह्यांची माफी मागितल्याचे प्रसंग फार नाहीत. त्यांनी मोठ्या मनाने मान हलवली. "असू दे. होतं असं कधीकधी." आणि आणखी उप्पीट वाढून घेतलं.

त्यानंतर जयनगरातल्या एका घरच्या साखरपुड्याची ऑर्डर आली. इतकी मोठी मी आधी कधी घेतली नव्हती. शेजारच्या बाईने, "ही अक्का शब्दाची पक्की आहे," असं सांगून ती मिळवून दिली होती, त्यामुळे माझ्यासोबत तिचाही शब्द टांगणीला. अकराला गाडी येणार होती. पहाटेपासून डाळ शिजवून, गूळ आटवून पातेली ओळीने लावली, पहिलं पातेलं ग्राइंडरमध्ये ओतलं, आणि करंट गेला. अंगणात धावले, दोरी ओढली, इंजिन मऊ आवाजात सुरू झालं. आत येऊन बटण दाबलं. बंद. परत तेच, परत तेच.

तोवर हे स्क्रू ड्रायव्हर घेऊन जनरेटरपाशी पोचले होते. इंजिन सुरू करून कान देऊन म्हणतात, "आवाज तर बरोबर आहे."

"रिकामं असताना बरोबर आहे हो!" मी खिडकीतून ओरडले. "रिकाम्याचं मी काय करू? ग्राइंडर लावला की मरतंय! दर वेळी असंच मरतं, तुम्ही कधी आत येऊन बघितलंत?"

त्यांनी विचारलं, "लोड केवढा असतो?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता. मी त्यांना हाताला धरून आत आणलं, माझ्या हाताचं पुरण त्यांच्या बाहीला लागलं तरी सोडलं नाही. पातेली दाखवली, ग्राइंडर दाखवला, डाव पुरणात उभा करून दाखवला. घट्ट व्हायला लागलेल्या पुरणात तो तसाच उभा राहिला. ते ओळीकडे बघत होते. "हे सगळं आज?" म्हणाले.

"आजच. अकराच्या आत."

"मी रिकाम्यावर ट्यून करत होतो," ते हळूच म्हणाले. "लोडवर करायला पाहिजे होतं." आणि लगबगीने बाहेर गेले.

मी पुरणात गरम पाण्याचा हबका मारून ते सैल केलं आणि बटण दाबलं. इंजिन गुदमरलं, पण त्यांनी या वेळी ते मरू दिलं नाही. स्क्रू किंचित फिरवायचे, थांबायचे, खिडकीतून विचारायचे, "आता?" मी सांगायचे, "दगड अडतायत!" परत किंचित. "आता?" काळा धूर आला, गेला. मग आवाज भरदार झाला आणि दगड फिरायला लागले. मला रडूच यायचं बाकी होतं.

खिडकीतून बघितलं तर हे वाकून कार्बोरेटरपाशी काहीतरी करत होते. शर्टाच्या खिशातून एक छोटी बाटली काढली, तोंडाने फुंकर मारून ब्रश नीट केला आणि स्क्रूवर सरळ लाल रेघ ओढली. "आता याला कोणी हात लावायचा नाही," मला सांगतात!

ती बाटली माझी नव्हती. नवीच, पण आधी थोडी वापरलेली, माझ्याच रंगाची, दुकानात जाऊन जुळवून आणलेली. लग्नापासून मला एक टिकलीचं पाकीट आणून न दिलेल्या माणसाने रेघ परत ओढायला नेलपॉलिश आणलं होतं. आणि मी माफी मागितली होती! पुरण फिरतंच होतं, म्हणून हात सोडता येईना. तिथूनच ओरडले, "मी माफी परत घेतली! ऐकलंत? परत घेतली!" गच्चीवरून शेजारच्या बाईने वाकून बघितलं. ह्यांनी बाटली घाईघाईने खिशात टाकली.

शेवटचा डबा अकराला भरून झाला. गाडी गेली. दुपारचा चहा झाला तरी स्टूल कोपऱ्यातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाळीच्या शिट्ट्या होत होत्या. करंट होता. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, हातात स्क्रू ड्रायव्हर नव्हता.

"आज लोड आहे का?" त्यांनी विचारलं.

राग अजून होताच.

"आहे," मी म्हटलं. "डाळ उपसायची आहे. हात धुऊन या."