कापलेलं कडवं

दत्ताराम गेल्याची बातमी मला ज्याच्याकडून कळली, त्याला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. रत्नागिरीच्या मासळी बाजारात उभा होतो, पिशवीत बांगडे पडले होते, आणि मोबाईलवर मेसेज आला: ‘माझ्या गाण्याचे प्रेरणास्थान, शाहीर दत्ताराम यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ खाली गॉगल लावलेला, पाठवणाऱ्याचा स्वतःचाच फोटो. ‘माझ्या’ गाण्याचे म्हणे! चोराने घरधन्याच्या मयताला यावं आणि येताना त्याचंच धोतर नेसून यावं, तसला प्रकार.

दत्ताराम माझा मित्र नव्हता, हे आधीच सांगतो. आमच्याकडे शक्ती-तुऱ्याचा सामना असतो. दोन शाहीर आपापला नाच घेऊन समोरासमोर उभे राहतात आणि गाण्यातून एकमेकांची उतरवतात. तो सावर्ड्याचा तुरेवाला, मी गुहागरचा शक्तीवाला. उभी हयात आम्ही एकमेकांची सालटी काढली. मला त्याचा हेवा वाटायचा, कारण काळाची नस त्याला माझ्याआधी सापडायची. मी गवळणीतच अडकलेला असायचो, तेव्हा तो मुंबईच्या पत्राची वाट बघणाऱ्या बायांचं गाणं करून मोकळा व्हायचा. गिरण्या बंद पडल्या तेव्हा ट्रंक घेऊन गावी परतलेल्या नवऱ्याचं गाणं, घरोघरी मोबाईल आले तेव्हा रेंजसाठी सड्यावर चढणाऱ्या सासूचं. मग गावं रिकामी व्हायला लागली आणि त्याने ‘कुलूप’ केलं. ‘दाराला कुलूप, चावी मुंबईला गेली, अंगणात तुळस उभ्यानं सुकून मेली...’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याच कोरसमधली माणसं डोळे पुसत होती. मी त्यांना शिव्या घातल्या.

ते गाणं या गॉगलवाल्या गायकाने उचललं. चाल तीच, शब्द तेच, फक्त ठेका दुप्पट केला आणि शेवटचं कडवं कापलं. आमच्यात शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव असतं. तीच त्याची सही, तोच सातबारा. त्या कडव्याआधी दत्ताराम डोक्यावरची टोपी काढायचा आणि मगच नाव घ्यायचा. कडव्याबरोबर नाव गेलं आणि गीतकार म्हणून हा गॉगलवालाच उभा राहिला. आता लग्नाच्या हॉलात लोक त्यावर नाचतात. पूर्वी ते ऐकून माणसं गप्प व्हायची, आता शिट्ट्या मारतात. काळ कुठल्या थराला आलाय ते गाण्यापेक्षा नाचणाऱ्यांकडे बघून कळतं. खोटं कशाला बोलू, पुतण्याच्या लग्नात मीही दोन पावलं टाकली होती.

आमची शेवटची भेट अशाच एका लग्नात झाली. पंगतीत शेजारी बसलो होतो आणि ते गाणं लागलं. मी म्हटलं, कोर्टात खेच त्याला, मी साक्षीला येतो. तो भात कालवत राहिला.

“नाव काडलान तर काडलान. गानं वाजतंय ना?” म्हणाला. मग ताटाकडेच बघत, “पन मुंडकं नसलेला मानूस कोन वलखतील काय रे?”

मी वाढप्याला हाक मारून त्याच्या भातावर वरण घालायला सांगितलं. सामन्यात सवालाला जबाब म्हणून वरण वाढलं असतं, तर तिथेच हरलो असतो.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी रत्नागिरीत शोकसभा झाली. गॉगलवाला व्यासपीठावर. हे तर लोकगीत, लोकगीताला कर्ता नसतो, मी फक्त ते जगापुढे आणलं, असं भरल्या गळ्याने सांगत होता. समोर दत्तारामची बायको, काशीवहिनी, पदर तोंडाला लावून बसलेली. मग जुना प्रतिस्पर्धी म्हणून दोन शब्द बोलायला मला उठवलं.

आमचा एक दंडक आहे. समोरच्याचं नावाचं कडवं आपण कधी म्हणायचं नाही. म्हटलं तर आपण हरलो. आणि या कडव्यात तर त्याने मलाच डिवचलं होतं. इतकी वर्षं ते मला तोंडपाठ होतं, पण ओठांवर येऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी माईक धरला आणि म्हटलं:

‘दत्ताराम गातो, सावर्ड्याचा तुरा,
गुहागरच्या शाहिरा, उघड कुलूप जरा...’

मागून दत्तारामच्या कोरसवाल्यांनी ओळ उचलली. मी गॉगलवाल्याकडे बोट केलं आणि माईकवरच म्हणालो, “हे तू कापलंस.” तो मोबाईलमध्ये बघायला लागला. मी हरलो होतो, सगळ्यांसमोर हरलो होतो, आणि सांगतो, कुठल्या जिंकलेल्या सामन्यात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

निघताना काशीवहिनींनी त्याची टोपी माझ्या हातात ठेवली. “तुमीच ठेवा, भावजी,” एवढंच बोलल्या.

माझं समाधान झालेलं नाही. लग्नसराई तोंडावर आहे. मला आमंत्रण असो नसो, ज्या हॉलात ते गाणं वाजेल तिथे मी आत शिरणार, आणि ते जिथे संपवलंय तिथे संपू देणार नाही. टोपी मला जरा सैल होते, तरी घालूनच जाणार. नाव घेताना काढायला ती डोक्यावर असावी लागते.